बोधचिन्ह आणि एक वेलांटी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सव समितीने आम्हांस 'बोधचिन्ह' या विषयावर बोलण्याची आज्ञा केली. तिच्यामागे एक व्यावहारिक निकड आहे, हे आपण सारे जाणताच. पन्नास वर्षांपूर्वी ठरलेले समईचे चिन्ह आता बदलावे, अशी तरुण सभासदांची मागणी आहे. समईला हात लावाल तर याद राखा, असा ज्येष्ठांचा पवित्रा आहे. गेल्या दोन सभांत या प्रश्नावर चहा निवून गेला. आम्ही बी. ए. झालेले आणि केंद्र सरकारच्या नोकरीत तीस वर्षे फायली हाताळलेले गृहस्थ आहोत. चित्रकलेत आमची गती रांगोळीच्या ठिपक्यांपलीकडे नाही. तेव्हा कोणत्याही पक्षाचे वकीलपत्र न घेता, दूरदेशी घडलेली चिन्हबदलाची एक हकिकत आपणांपुढे ठेवावी, असे आम्ही योजिले आहे. दूरदेशीची म्हणतो खरी, पण तिच्या ऐन मध्यावर आपल्या बाराखडीतील एक अक्षर उभे आहे.

संगणकाच्या जगात 'मुक्तस्रोत' म्हणून एक पंथ आहे. संगणकाला कामाला लावणाऱ्या सूचनांच्या संचास आज्ञावली म्हणतात. बहुतेक व्यापारी कंपन्या या सूचना तिजोरीत ठेवतात. मुक्तस्रोत पंथाचे लोक त्या उघड्या ठेवतात. कोणीही त्या वाचाव्यात, सुधाराव्यात, पुन्हा वाटाव्यात. काही परवान्यांत अट इतकीच असते, की पुढच्यालाही तोच हक्क मिळावा. आपल्या भारत सरकारनेही २०१५ साली अशा आज्ञावलींच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले. अशा कार्यांना मालक नसतो, पगारी नोकर थोडे असतात, आणि हजारो माणसे आपापल्या गावी बसून रात्री जागवीत काम करतात. एकमेकांचे तोंडही न पाहिलेल्या या मंडळींना एकत्र बांधणाऱ्या गोष्टी मोजक्याच, आणि त्यांत बोधचिन्ह ही एक. म्हणूनच चिन्ह बदलण्याची भाषा निघाली, की तेथेही आपल्यासारखाच चहा निवतो.

'मीडियाविकी' हे अशाच एका आज्ञावलीचे नाव. नाव अपरिचित वाटेल, परंतु आपल्या घरातील प्रत्येक शाळकरी मूल तिचा उपयोग करते, कारण विकिपीडिया हा विश्वकोश तिच्यावरच चालतो. १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडियाचा आरंभ झाला. पहिली दोन-अडीच वर्षे त्याचे चिन्ह म्हणजे भिंगातून फुगवल्यासारखा दिसणारा इंग्रजी मजकुराचा एक गोल होता. कोश अनेक भाषांत पसरू लागला, तेव्हा सर्व भाषांना आपलेसे वाटेल असे चिन्ह हवे, म्हणून २० जुलै ते २७ ऑगस्ट २००३ या काळात एक खुली स्पर्धा घेण्यात आली. या एकाच स्पर्धेने तीन घरे सजवली. पहिल्या क्रमांकाचे चित्र विकिपीडियाने घेतले, दुसऱ्या क्रमांकाचे विकिमीडिया या संस्थेने, आणि तिसऱ्या क्रमांकाचे सूर्यफूल मीडियाविकी आज्ञावलीच्या वाट्याला आले. स्पर्धेत हरलेल्या चित्रालाही असे मानाचे बिऱ्हाड मिळाल्याचे दुसरे उदाहरण आमच्या ऐकिवात नाही.

सूर्यफूल हे खरेखुरे छायाचित्र होते, आणि त्याच्या दोहों बाजूंस चौकटी कंस काढलेले होते. विकिपीडियाच्या लेखात एखाद्या शब्दाला दुसऱ्या लेखाशी जोडायचे, तर तो शब्द अशाच दुहेरी चौकटी कंसांत लिहितात. त्याची ती खूण. कल्पना गोड होती. पण छायाचित्राचे एक दुखणे असते. ते नखाएवढे लहान केले, की पाकळ्यांचा पिवळा चिखल होतो. भिंतीएवढे मोठे केले, की ठिपके दिसू लागतात. एका रंगाच्या शिक्क्यात तर ते उतरतच नाही. सतरा-अठरा वर्षे ते दुखणे सहन करून शेवटी सभासदांकडून नमुने मागविण्यात आले, मतदान झाले, आणि २०२१ साली नवे चिन्ह आले. फूल तेच राहिले, सूर्यफूलच. परंतु छायाचित्राच्या जागी रेखीव पाकळ्या आल्या, आणि कंस गळाले. दुरून पाहणाऱ्याला ओळख पटते आणि जवळून पाहणाऱ्याला काम झालेले दिसते. बदल असा असावा, असे आमचे मत आहे. समईपक्षाने आणि बदलपक्षाने ते आपापल्या सोयीने घ्यावे.

आता मुख्य हकिकतीकडे वळतो.

पहिल्या क्रमांकाचे चित्र पॉल स्टॅन्सिफर या सदस्याने केलेले होते. तुकडे जुळवून चित्र पुरे करण्याचे जे कोडे मुले खेळतात, तशा तुकड्यांचा एक रंगीत गोल, आणि वर मजकूर पसरलेला. डेव्हिड फ्रीडलँड या दुसऱ्या सदस्याने त्यास नवे रूप दिले. रंग काढून टाकले, गोल करड्या रंगाचा केला, आणि प्रत्येक तुकड्यावर जगातील एकेका लिपीचे एकेक अक्षर बसविले. वरचे काही तुकडे मुद्दाम जागेवर ठेवले नाहीत. ज्ञानकोश कधी पुरा होत नसतो, हे त्यातून सुचवायचे. ज्या चिन्हात स्वतःच्या अपुरेपणाची कबुली आहे असे चिन्ह आम्हांस तरी दुसरे ठाऊक नाही. सरकारी खात्यांच्या मुद्रांत तर नाहीच नाही.

या गोलावर देवनागरीसाठी 'वि' हे अक्षर योजले होते. विकिपीडियाचा वि. आणि ते चुकले. वेलांटी व-च्या डावीकडे न येता उजवीकडे जाऊन पडली. आधी व, मग ती एकाकी वेलांटी, आपला टोपीसारखा वळसा भलत्याच बाजूस घेऊन उभी. शेजारी जपानी अक्षराचीही अशीच काही दुर्दशा झालेली होती. करड्या गोलावरील ते बारीक अक्षर कोट्यवधी डोळ्यांखालून रोज जात होते.

हे कसे घडले, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण येथे दोष कोणाच्या अडाणीपणाचा नाही. आपण 'वि' असे लिहितो तेव्हा लेखणी आधी वेलांटीचा दांडा ओढते आणि मग व काढते. पण उच्चार करताना आधी व् येतो आणि मग इ. डोळ्याचा क्रम एक, जिभेचा क्रम दुसरा. आम्ही नोकरीस लागलो तेव्हा कचेरीत देवनागरीचे टंकलेखन यंत्र होते. ते बिचारे डोळ्याच्या क्रमाने चाले. टंकलेखिका वेलांटीची कळ आधी दाबीत आणि व-ची नंतर. पुढे संगणक आला. भारतीय लिपींसाठी एकच संकेतपद्धती असावी म्हणून आपल्याच देशातील तज्ज्ञांनी 'इस्की' ही पद्धती सिद्ध केली, आणि १९९१ साली तिला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. तिच्यात अक्षरे जिभेच्या क्रमाने साठवली जातात, म्हणजे आधी व, मग वेलांटी. जगभर चालणाऱ्या यूनिकोडने देवनागरीपुरती हीच मांडणी इस्कीच्या आधीच्या आवृत्तीवरून उचलली. आमच्या मते हा निर्णय शहाणपणाचा होता. शब्दकोशातला क्रम लावायचा, शब्द शोधायचा, एका लिपीतून दुसऱ्या भारतीय लिपीत न्यायचा, तर उच्चाराचाच क्रम हवा. मात्र त्यात एक जोखीम आहे. साठवलेले अक्षर पडद्यावर दाखवताना वेलांटी उचलून डावीकडे नेण्याचे काम संगणकाने आठवणीने करावे लागते. २००३ साली पुष्कळ आज्ञावलींना, विशेषतः चित्रे काढण्याच्या आज्ञावलींना, ही आठवण नव्हती. त्यांनी जिभेचा क्रम जसाच्या तसा डोळ्यापुढे मांडला.

आपल्यापैकी जे सरकारी कचेऱ्यांत आहेत त्यांना हे सांगणे नकोच. एका कचेरीत तयार झालेले राजभाषेतील परिपत्रक दुसऱ्या कचेरीतील संगणकावर उघडावे, आणि सर्व वेलांट्या उजवीकडे सांडलेल्या दिसाव्यात, हा अनुभव आमच्या पिढीने वर्षानुवर्षे घेतला. असे एक परिपत्रक आमच्या मेजावर आले होते, त्यात 'निधी'चे काय झाले ते विचारू नका. बंगाली लिपीतही ऱ्हस्व इकार डावीकडेच असतो, तेव्हा आमचे बंगाली सहकारी या दुःखात आमच्यासह सहभागी होते. देवनागरी आणि बंगाली यांची अशी गळाभेट एरवी दुर्गापूजेच्या मांडवातच होते.

विकिपीडियाची चूक लपून राहिली नाही. जून २००७ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने तिच्यावर एक लेखच छापला. त्याच्या मथळ्यात संस्कृतची मोडतोड झाल्याचा उल्लेख होता. देवनागरीतील एका अक्षराची चूक दाखवताना लिपीला भाषेचे नाव देणे, हेही तसे लहानसे स्खलनच म्हणावयाचे. पण तो वाद येथे नको. आश्चर्य याचे, की चूक जगजाहीर झाली तरी ती दुरुस्त व्हायला आणखी तीन वर्षे लागली. जो कोश कोणालाही कोणतेही वाक्य तत्क्षणी सुधारू देतो, त्याच्या दारावरची पाटी मात्र कोणाला सुधारता येत नव्हती. कारण पाटी ही लेख नव्हे. ते एक लहानसे सपाट चित्र होते. त्यातून एक अक्षर काढून दुसरे बसवायचे, तर गोलाचा बाक, सावली, तुकड्याची कड सारेच नव्याने काढणे भाग होते. आणि गोलाची मागची बाजू तर कोणी काढलेलीच नव्हती.

शेवटी फिलिप मेचन यांनी संगणकावर त्या गोलाची खरीखुरी घन आकृती तयार केली, चारी बाजूंनी फिरवून पाहता येईल अशी. कोणत्या तुकड्यावर कोणते अक्षर असावे याची त्या त्या लिपीच्या जाणकारांशी चर्चा झाली. १३ मे २०१० रोजी नवा गोल दाखल झाला. त्यात आपला 'वि' सरळ झाला. वेलांटी आपल्या जागी, डावीकडे, येऊन बसली. जपानी अक्षर सुधारले. जुन्या गोलावर क्लिंगॉन नावाच्या लिपीचेही एक अक्षर होते. ही लिपी पृथ्वीवर कोठेही नाही. ती एका अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेतील अंतराळवासी लोकांची. तिला सन्मानाने निरोप देऊन इथिओपियातील गीझ लिपीचे अक्षर घेण्यात आले. कोट्यवधी जिवंत माणसांच्या लिप्या रांगेत उभ्या असताना काल्पनिक योद्ध्यांना जागा असावी का, हा प्रश्न कोणाला तरी सुचला हे बरेच झाले. दर्शनी बाजूस आता आपल्या वि-च्या सोबतीस बंगालीचा उ आहे, कन्नडचा वि आहे. बंगालीत या कोशाचे नाव उ-पासून लिहितात, म्हणून तेथे उ. आपल्या मुलांना घरात वि आणि शाळेत उ भेटतो. त्यांनी तो गोल एकदा निरखून पाहावा.

गोलाखालच्या नावाचे वळणही त्याच वेळी बदलले. पूर्वीच्या इंग्रजी अक्षरांचे वळण एका खाजगी अक्षरशिल्पाचे होते. नवे घेतले ते 'लिनक्स लिबर्टीन' या मुक्त वळणाचे, म्हणजे जे कोणीही वापरावे असे. जो कोश स्वतःस मुक्त म्हणवतो त्याची पाटी उसन्या, मालकीच्या अक्षरांत असू नये, हा विचार आम्हांस पटतो. मराठी आवृत्तीत त्या जागी विकिपीडिया या नावाखाली 'मुक्त ज्ञानकोश' असे शब्द येतात. मराठी विकिपीडियाचा जन्म १ मे २००३ चा, म्हणजे महाराष्ट्र दिनाचा, आणि त्या स्पर्धेच्याच वर्षाचा. 'ज्ञानकोश' हा शब्द ऐकला की डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांची आठवण न होणारा मराठी वाचक विरळा. विसाव्या शतकाच्या विसाव्या-तिसाव्या वर्षांत त्यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड पुरे केले, आणि त्यासाठी लोकांत भाग विकून भांडवल उभारले. फुकट काम करणाऱ्या आजच्या मंडळींचे आणि त्या भागधारकांचे नाते आम्हांस फार दूरचे वाटत नाही.

योगायोग असा, की गोल सुधारल्यानंतर दोनच महिन्यांनी, १५ जुलै २०१० रोजी, भारत सरकारने रुपयाचे चिन्ह मंजूर केले. डी. उदय कुमार यांचा तो नमुना तीन हजारांहून अधिक प्रवेशिकांतून निवडला गेला. त्यात देवनागरीचा र आहे, शिरोरेषेसह. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ते यूनिकोडमध्ये दाखलही झाले. एका वर्षात देवनागरीची दोन अक्षरे जगाच्या चावडीवर नीट उभी राहिली.

इतर ठिकाणचेही थोडे सांगून पुढे जातो. 'फ्रीबीएसडी' या मुक्त प्रणालीची खूण म्हणजे शिंगे फुटलेले, हाती काटा घेतलेले एक तांबडे पोरकट भूत. २००५ साली त्यांनी स्पर्धा घेऊन नवे, गंभीर चिन्ह निवडले. पण भुताला घराबाहेर काढले नाही, ते लाडके सोंग म्हणून राहिले. आपल्याकडे लिंबूमिरची बांधून भूत घालवतात, त्यांनी सांभाळले. याउलट 'डेबियन' आणि 'फायरफॉक्स' यांचे चिन्हावरूनच बिनसले. आज्ञावली मुक्त, पण चिन्हावर मात्र व्यापारचिन्हाचा हक्क. चिन्ह मनाजोगे वापरता येत नाही, म्हणून डेबियनने २००६ पासून तीच आज्ञावली वेगळ्या नावाने आणि वेगळ्या चित्राने वाटली. २०१६ साली समेट झाला. दहा वर्षे! विकिमीडियाने २०१४ साली आपली चिन्हे मुक्त परवान्याखाली आणली, तरी व्यापारचिन्हाचा हक्क राखूनच. कारण उद्या कोणी तोतया कोश तोच गोल लावून बसला तर वाचकाने ओळखायचे कसे? राजमुद्रेच्या गैरवापराविरुद्ध आपल्या देशात २००५ चा स्वतंत्र कायदा आहे, तोही याच चिंतेपोटी.

आता आपल्या समईकडे येतो. प्रारंभीच्या वर्षांत एका संस्थापक सभासदांनी ती बोरूने काढली, असे आम्ही ऐकतो. मूळ कागद आज कोणाजवळ नाही. जे उरले आहे ते रबरी शिक्क्यावरचे रूप, आणि त्यावरून निरनिराळ्या छापखान्यांनी आपापल्या मगदुराप्रमाणे काढलेली रूपे. आम्ही जुनी पत्रके मांडून पाहिली. एकीत पाच वाती आहेत, एकीत चार, आणि एकीत वातींच्या जागी द्राक्षांचा घोस असावा असा भास होतो. तेव्हा 'समईला हात लावू नका' असे म्हणणाऱ्यांनी कोणत्या समईला, हे आधी ठरवले पाहिजे. आणि 'समई काढून टाका' म्हणणाऱ्यांनी ते सूर्यफूल आठवावे.

परंतु आम्हांस समईपेक्षा तिच्या खालच्या अक्षरांची काळजी अधिक आहे. मागील गणेशोत्सवात येथील एका छापखान्याकडून आलेल्या कापडी फलकावर 'हार्दिक स्वागत' छापले होते. रफार र होऊन वेगळा पडला होता आणि वेलांटी द-च्या उजवीकडे गेली होती. आम्ही हसलो, आणि फलक दहा दिवस तसाच राहिला. पुण्यात किंवा नागपुरात असा फलक लागला, तर त्याच रस्त्यावर शंभर बरोबर फलक असतात. मूल चुकीचा फलक वाचून हसते आणि पुढे जाते. येथे तसे नाही. येथे आपल्या मुलांना मराठी अक्षर दिसते ते दोनच ठिकाणी: आजीच्या पत्रात, आणि आता आज्याही पत्रे लिहीत नाहीत, आणि मंडळाच्या फलकावर. शाळेत बंगाली, हिंदी, इंग्रजी. त्या उत्सवानंतर बालवर्गातील एका मुलीने आपल्या भेटकार्डावर 'हार्दिक' अगदी फलकाबरहुकूम लिहून आणले. वेलांटी उजवीकडे, नीटस, रंगीत खडूने काढलेली. तिचे काय चुकले? तिने आपल्या मंडळाचे अक्षर गिरवले.

म्हणून आमच्या सूचना थोड्या आहेत. समई राहो, परंतु ती कोणा जाणत्या हाताकडून रेषांत नव्याने काढून घ्यावी, अशी की शिक्क्यावरही उतरेल आणि मांडवाच्या कमानीवरही. खालची अक्षरे संगणकाच्या भरवशावर न सोडता एकदा हाताने लिहून घ्यावीत आणि तीच कायम वापरावीत. मंडळाचे नाव शेजाऱ्यांना वाचता यावे म्हणून बंगालीतही असावे, ही तरुणांची सूचना आम्हांस मान्य आहे. त्यासाठी मात्र बंगाली जाणणाऱ्याकडून तपासून घ्यावे, नाहीतर तेथे आपण 'न्यूयॉर्क टाइम्स'चा विषय होऊ. तयार आकृती प्रत्येक सभासदाला आणि प्रत्येक छापखान्याला विनामूल्य द्यावी, म्हणजे कोणी पुन्हा शिक्क्यावरून समई काढत बसणार नाही. आणि कोणताही फलक लावण्यापूर्वी तो दोन माणसांनी मोठ्याने वाचावा. त्यांपैकी एक जण बालवर्गातला असावा.

ज्यांच्या ट्रंकांत मंडळाच्या पहिल्या दहा वर्षांतील निमंत्रणपत्रिका, वर्गणीच्या पावत्या किंवा हळदीकुंकवाची कार्डे असतील त्यांनी ती येत्या रविवारपर्यंत कार्यवाहांकडे आणून द्यावीत. वाती किती होत्या, ते त्यांवरून ठरेल.